कुत्रा चावला, खाडा कुणाचा?

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला दोन प्राण्यांशी जुळवून घ्यावं लागतं. एक वर राहतो, एक खाली. वरचा म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आणि खालचा म्हणजे आपल्या गल्लीतला कुत्रा. भीती वरच्याची जास्त, पण गाठ रोज पडते ती खालच्याशी! जानेवारी २०१८ मध्ये मुलुंड पूर्वेला नानेपाड्यात बिबट्या शिरला आणि सहा जण जखमी झाले, तेव्हा सगळ्या मुंबईला ते कळलं. कुत्रा चावला तर कुणाला कळतं? दवाखान्याच्या केसपेपरला, बस्स.

गंमत म्हणजे ह्या दोघांचं आपसातही नातं आहे. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात असा अंदाज मांडला होता की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे आसपासच्या वस्त्यांतले कुत्रा चावण्याचे हजारेक प्रकार टळत असावेत. म्हणजे बिबट्याचे आपल्यावर उपकारच म्हणायचे. असो.

आज लिहायचंय ते मात्र पैशांबद्दल. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना गेल्या पावसाळ्यात सकाळी साडेसहाला येताना गल्लीच्या तोंडाशी कुत्रा चावला. पोटरीवर चार दात स्पष्ट उमटलेले. वॉचमनने त्यांना नळाखाली बसवलं आणि साबण लावून चांगली पंधरा मिनिटं जखम धुतली. (हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. हळद, मिरची, चुना असलं काही त्या जखमेवर लावायचं नाही.) मग महापालिकेचं रुग्णालय. जखम खोल म्हणून जखमेतच एक वेगळं औषध टोचलं आणि लसीच्या तारखा लिहून दिल्या : पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या मानानं हे सोपं झालं. पैसेही पडले नाहीत.

पण पाय सुजला, आठ दिवस काम बंद. ताईंची एकूण पाच घरं. त्यातल्या दोन घरांनी महिन्याच्या शेवटी खाडे कापले. पुढे एकदा कणीक मळता मळता त्यांनी मला विचारलं, "बाई, बिबट्यानं धरलं तर सरकार पैसे देतं म्हणतात. कुत्र्याचं कोण देतं?"

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, कायदा नव्हे. पण कुणी प्रश्न विचारला की उत्तर शोधून द्यायचं ही शाळेतली सवय अजून सुटलेली नाही. माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो, त्याला बोलावून घेतलं, थोडं वाचलं. जे समजलं ते सांगते.

ताई बिबट्याबद्दल म्हणाल्या ते खरं आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्र शासन वारसांना भरपाई देतं. २०२३ पासून ही रक्कम २५ लाख रुपये आहे. जखमी झालात तर जखमेच्या गंभीरपणाप्रमाणे दर ठरलेले आहेत. वन विभागाकडे अर्ज करायचा, पंचनामा होतो, पैसे मिळतात. सरकारचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही.

दुसरा प्रकार पाळीव कुत्र्याचा. तिथे मालक असतो, त्यामुळे कायद्याला धरायला माणूस सापडतो. जुन्या दंडविधानात कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २९१ झालं. आपल्या ताब्यातल्या जनावराची पुरेशी काळजी न घेऊन दुसऱ्याला धोका पोचवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही कलमं नुसती पुस्तकात पडून नाहीत बरं का! नेपियन सी रोडला २०१० साली एका ज्येष्ठ गृहस्थांना रॉटवायलर चावला, त्या खटल्यात २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याचा कुत्रा चावला, त्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची. तारखा वाचल्यात ना? एकात तेरा वर्षं, दुसऱ्यात सात! शिवाय शिक्षा झाली म्हणून जखमीच्या हातात पैसे पडतातच असं नाही. दंड सरकारजमा होतो. आरोपीने जखमीला भरपाई द्यावी असा आदेश न्यायालय करू शकतं, पण तो मागावा लागतो, आणि तसं मागता येतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

तिसरा प्रकार ताईंचा. गल्लीतला कुत्रा, मालक नाही. इथे बिबट्यासारखा दराचा तक्ता मला मुंबईत सापडला नाही. महापालिकेवर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो, पण मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ५२७ म्हणतं की दाव्याच्या एक महिना आधी लेखी नोटीस द्या आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा लावा. पायाची सूज उतरून, बुडालेली कामं भरून काढून, वकील शोधेपर्यंत सहा महिने कधी सरतात ते कळतही नाही. दुसरा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. पोळ्या करणारी बाई आठ दिवसांच्या खाड्यासाठी उच्च न्यायालयात जाणार आहे का, तुम्हीच सांगा.

इतर ठिकाणी काय झालं तेही पाहिलं. केरळात भटकी कुत्री चावलेल्यांच्या भरपाईचे अर्ज तपासायला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन ह्यांची समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याहून पुढचं पाऊल टाकलं. कुत्र्याच्या प्रत्येक दाताच्या खुणेला किमान दहा हजार रुपये. मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान वीस हजार. जिल्हा पातळीवर समित्या आणि अर्जाचा निकाल चार महिन्यांत. पैसे मुख्यतः सरकारने द्यायचे आणि नंतर जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करायचे. तो निकाल वाचल्यावर मी मनातल्या मनात ताईंचा हिशेब मांडला. चार दात, चाळीस हजार. तेच दात, तीच पोटरी, फक्त गाव मुलुंडऐवजी लुधियाना असायला हवं होतं!

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज व्हायचा. मी कुत्र्यांच्या विरुद्ध नाही. कुत्री मारून संख्या कमी होत नाही, नसबंदी आणि लसीकरण हाच मार्ग, हे मला पटलेलं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची. रेबीज झालेली आणि आक्रमक तेवढी सोडायची नाहीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा जागा त्यातून वगळल्या, तिथली कुत्री परत तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. पण आमची गल्ली काही शाळा नाही. आमच्या गल्लीतला कुत्रा गल्लीतच राहणार.

आता त्या कुत्र्याच्या कानाकडे बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप दिलेला असतो. म्हणजे कुणीतरी त्याला नेलं, ऑपरेशन केलं, लस टोचली, खूण केली आणि नियमाप्रमाणे इथे आणून सोडलं. खूण नसेल, तर हे करायचं कुणाचं तरी काम होतं आणि ते राहिलं. दोन्ही बाबतीत त्या कुत्र्याला अगदीच बेवारस कसं म्हणायचं? त्याचं इथं राहणं हा आपण सगळ्यांनी मिळून, कायदा करून घेतलेला निर्णय आहे. मला तो योग्यच वाटतो. पण निर्णय सगळ्यांचा असेल, तर त्याचा खर्च पहाटे चालत कामाला येणाऱ्या एकटीच्या माथी का? जंगल राखायचं ठरवलं म्हणून बिबट्याचे पैसे आपण सगळे मिळून देतो, आणि कुणी कुरकुर करत नाही.

जानेवारी २०२६ च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलं की लहान मुलं आणि वृद्ध ह्यांना कुत्रा चावला तर राज्यांना मोठी भरपाई द्यायला लावावी लागेल. वाचून बरं वाटलं. फक्त मनात आलं, ताई पंचेचाळीशीच्या. मुलांतही नाहीत आणि वृद्धांतही नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. केसपेपरवर 'कुत्रा चावला' असं स्पष्ट लिहून घ्यावं, किती दातांच्या खुणा तेही. जखमेचा आणि जागेचा फोटो काढावा. पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात (मुलुंडला टी विभाग) लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदाच आहे तसा. आणि पाचवी गोष्ट माझी. घरकाम करणाऱ्या बाईकडे पगाराची पावती नसते, मग बुडालेली मजुरी ती सिद्ध कशी करणार? म्हणून ज्या घरी ती काम करते त्या घराने साध्या कागदावर लिहून, सही करून द्यावं : महिना इतके रुपये, इतके दिवस येऊ शकली नाही, कारण हे. मी दिलं. दहा मिनिटं लागली.

सोसायटीच्या गेल्या सभेत कुत्र्यांना कुठे खायला घालायचं ह्यावर पाऊण तास भांडण झालं. दोन्ही पक्ष दमल्यावर मी उभी राहिले आणि एवढंच मांडलं की आवारात किंवा गल्लीत कुत्रा चावल्यामुळे कामवाल्या बाईचा, वॉचमनचा, झाडूवाल्याचा खाडा झाला तर तो कुणी कापायचा नाही. बिस्किटं घालणारे आणि काठी घेऊन फिरणारे, दोघांनीही हात वर केले. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलंय. भरपाईचा तक्ता सरकार करील तेव्हा करील. हा ठराव करायला कुठल्याच सोसायटीला सरकारची वाट बघावी लागत नाही.