बाबांचा फोन आणि माझा धीर

मला धीर धरायचा पगार मिळतो. पुण्यात एका कंपनीच्या आयटी सपोर्टमध्ये मी काम करते. दिवसाला तीस-पस्तीस माणसं फोनवर येतात. कुणाचा लॅपटॉप सुरू होत नाही, कुणी पासवर्ड विसरलेलं असतं, कुणी कीबोर्डवर चहा सांडलेला असतो आणि ते सांगायची लाज वाटत असते. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारायचं नाही, ‘काय झालं?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नात आरोप असतो. माणूस घाबरला की अर्धवट सांगतो, आणि अर्धवट माहितीवर मशीन दुरुस्त होत नाही.

हे सगळं मला पाठ आहे. तरी माझ्या बाबांना मी कित्येक वर्षं पहिलाच प्रश्न विचारत होते.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटाखालचं. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे माणूस कुठला हे सांगताना तालुक्याच्या आधी ‘घाटावरचा की घाटाखालचा’ हे येतं. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. तिथं उन्हाळ्यातही रात्री जरा बरं असतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. तिथं मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो आणि रात्री भिंतीसुद्धा गरम असतात. बाबांचा पहिला स्मार्टफोन या उन्हानं मारला.

तो फोन दिवसभर त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. शेतात गेले की विहिरीवरच्या टिनाच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरशेजारी चार्जिंगला लागायचा. घरी रात्रभर उशीखाली, तोही चार्जिंगलाच. एकदा सुट्टीत गेले तर फोनचं मागचं झाकण उचललेलं, आणि बाबांनी ते सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळून बांधलेलं. बॅटरी फुगली होती.

“बाबा, काय केलं तुम्ही हे?” मी ओरडलेच.

“म्या काय केलं? उन्हानं केलं,” ते म्हणाले.

खरं तर त्यांचंच बरोबर होतं. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त वावडं उष्णतेचं. अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघंही आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगतात. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी सावलीतसुद्धा ३५ च्या वर असतं. म्हणजे फोनच्या दृष्टीनं आमचं गाव वर्षातले चार महिने राहण्यालायक नाही. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली आणि वरून गरम, ही जोडी सगळ्यात वाईट. दोन्ही एकत्र आले की आतली रासायनिक झीज वेगानं होते, कधी वायू साठतो आणि बॅटरी फुगते. म्हणून उन्हाळ्यात फोन चार्जिंगला लावताना कव्हर काढा, उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून जाऊ नका. चार्जिंग साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलं तर बॅटरी जास्त टिकते, पण त्याचं व्रत करायची गरज नाही. आणि एकदा फुगली की ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही, उकिरड्यावर फेकायची नाही. फोन बंद करायचा आणि दुकानात नेऊन द्यायचा.

पण हे तेव्हा मी असं सांगितलं नव्हतं. मी आधी चिडले, मग सांगितलं. मग नवीन फोन घेऊन दिला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बारा नियमांची यादी पाठवली. फोन गरम झाला तर माठाला टेकवून ठेवायचा नाही, ओल आत जाते. भिजला तर तांदळात घालायचा नाही, कारण कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं अ‍ॅपलनंच सांगितलंय. बंद करून, झटकून, हवेशीर जागी सुकू द्यायचा. स्वस्त चार्जर घ्यायचा नाही. ओटीपी सांगायचा नाही. अनोळखी अ‍ॅप घ्यायचं नाही. बाबांनी त्यावर अंगठा पाठवला. त्यानंतर आमचा प्रत्येक फोन म्हणजे तोंडी परीक्षा झाली. ‘चार्जर काढला का?’ ‘अपडेट केलं का?’ ‘मागच्या वेळी सांगितलं होतं ना?’

एक गोष्ट मी या काळात सोयीनं विसरले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी गावाकडून काम करत होते. ओसरीत टेबल, टेबलावर धातूच्या अंगाचा लॅपटॉप. चार्जिंग चालू असताना त्यावर मनगट टेकलं की झिणझिण्या यायच्या. मी दोन दिवस इंटरनेटवर शोधत बसले, लॅपटॉपच खराब आहे असं ठरवून कंपनीला मेल लिहायला घेतला. बाबा आले, बोटांची मागची बाजू लॅपटॉपला हळूच लावून बघितली, काही न बोलता बाहेर गेले. घराच्या मागच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता. त्यात त्यांनी दोन बादल्या पाणी आणि ओंजळभर जाडं मीठ ओतलं. मग आत येऊन माझ्या चार्जरकडे बघितलं. तीन पिनांचा प्लग मी दोन पिनांचा जोड लावून बोर्डात खुपसला होता. तो जोड त्यांनी काढून ठेवला आणि तीन भोकांच्या बोर्डावरून वायर ओढून दिली. झिणझिण्या बंद.

नंतर समजलं, चार्जरमधून थोडासा विद्युतप्रवाह नेहमीच अर्थिंगवाटे जमिनीत जात असतो. ती वाट नसेल तर तो लॅपटॉपच्या अंगावर येतो, तिथून आपल्या हातात. आणि उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग नीट काम करत नाही, हे आमच्या गावात मोटार वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. “लाइन गेली की प्लग काढून ठेवत जा. येताना कधी जास्त दाबानं येते. अन् ईज चमकली का मग तर काढच,” एवढंच बाबा म्हणाले. ‘कॉम्प्युटर शिकली अन् एवढं समजत नाही का’ असं त्यांच्या तोंडून आलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडी असतं.

गेल्या वर्षी जानेवारीत चुलतभावाचा फोन आला. “ताई, काकाच्या नंबरवरून सगळ्यायले एक फाइल येऊन राह्यली. पीएम किसान लिहेल आहे.”

मी शिफ्टमध्ये होते. जागेवरून उठले आणि जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. काय झालं असेल ते मला कळलं होतं. पीएम किसान योजना २०१९ पासून सुरू आहे, वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात आणि त्यासाठी ई-केवायसी खरोखरच करावी लागते. म्हणून ‘केवायसी राहिली आहे, हप्ता थांबेल’ असा निरोप आला की शेतकऱ्याला तो खरा वाटतो. त्यात तो गावातल्याच ओळखीच्या नंबरवरून आलेला, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं असतात. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटो नव्हे, ते एक आख्खं अ‍ॅप असतं. सरकारी पत्र, लग्नाची पत्रिका, दंडाची पावती यांपैकी काहीही एपीके नसतं. ते उघडलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचा ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही.

बाबांनी परवानगी दिली होती. सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास ९,५०० रुपये गेले. दुपारी चारला १५,०००. रात्री २१,०००. कापसाच्या पट्टीचे पैसे होते. मी फोन केला तो दिवस बुधवार.

“पहिला मेसेज कधी बघितला तुम्ही?”

“जेवाच्या टायमाले. सोमवारी.”

“मग मला तेव्हाच काहून नाही सांगितलं?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“तू चिडली असती,” ते म्हणाले. “तुया यादीतलं मोडलं ना म्या.”

मी त्या जिन्यात किती वेळ उभी होते आठवत नाही. नंतर जे करायचं ते केलं. ते इथं क्रमानं लिहिते, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. आधी त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद. मग दुसऱ्याच फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवणं. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्यायचा, गुगलवर शोधून नाही. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. ज्यांना ज्यांना आपल्या नंबरवरून फाइल गेली त्यांना ‘उघडू नका’ असा निरोप, तोही दुसऱ्या फोनवरून. मेसेजचे फोटो काढून ठेवणं. शेवटी फोन फॅक्टरी रिसेट करून सगळे पासवर्ड आणि पिन बदलणं.

१९३० वर तक्रार गेली की पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि पैसे ज्या खात्यात पडून असतील तिथं अडवता येतात. पण हे पैसे एका खात्यात फार वेळ थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही कळवण्याच्या वेळेला फार महत्त्व आहे. ग्राहकाची चूक असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेची जबाबदारी. म्हणजे बाबांनी सोमवारी जेवणाच्या वेळी मला किंवा बँकेला फोन केला असता, तर ९,५०० गेले असते, ३६,००० वाचले असते.

ते ३६,००० चोरानं नेले हे खरंच. पण ते नेण्याइतका वेळ त्याला मिळाला तो माझ्या भीतीमुळे. बुधवारी केलेल्या तक्रारीचा क्रमांक माझ्याकडे आहे. पैसे आजवर आलेले नाहीत.

माझ्या यादीत सातवा नियम ‘अनोळखी अ‍ॅप घ्यायचं नाही’ असा होता. ‘घेतलं तर मला लगेच फोन करा, मी चिडणार नाही’ असा एकही नियम नव्हता. ऑफिसात मी रोज अनोळखी माणसांना हेच तर सांगते, “बरं केलंत लगेच सांगितलंत.” सांडलेल्या चहाबद्दल पाच मिनिटांत सांगणाऱ्याचा लॅपटॉप वाचू शकतो. तीन दिवस लपवणाऱ्याचा वाचवणं अवघड.

पुढच्या सुट्टीत मी महाराष्ट्र एक्सप्रेसनं मलकापूरला उतरले, गावी गेले आणि या वेळी बाबांचा फोन हातात घेतला नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं. आपण काय करतो, ‘द्या इकडे’ म्हणतो, तीस सेकंदांत काम करतो आणि परत देतो. त्यांना कळतं एवढंच की आपल्याला जमत नाही. या वेळी फोन त्यांच्या हातात होता आणि माझे हात मांडीखाली. सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घ्यायची परवानगी त्यांनीच बंद केली. कोणत्या अ‍ॅपला एसएमएस वाचता येतो ते त्यांनीच बघितलं, आणि टॉर्चच्या एका अ‍ॅपला ती परवानगी दिसल्यावर म्हणाले, “याले काय करा लागते माये मेसेज?” मोठे पैसे एका खात्यात आणि यूपीआय दुसऱ्या, थोड्या पैशांच्या खात्याला, ही कल्पना त्यांचीच. बी-भरणाचे पैसे आजी पेटीत वेगळ्या डब्यात ठेवायची तसं. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे त्यांनी माझ्याकडून एक रुपया मागवून स्वतः तपासलं.

मग त्यांनी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. स्क्रीनवर आलेला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक खताच्या हिशोबाच्या वहीत लिहिला. फोन हरवला की पोलीस तक्रारीबरोबर तो क्रमांक देऊन ‘संचार साथी’ पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो; मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. आईचे सगळे फोटो त्याच एका फोनमध्ये होते. त्यांची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हमध्ये घेतली. पेनड्राइव्ह बाबांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.

आता ते कधीही फोन करतात. शिफ्ट चालू असली तरी मी उचलते. कधी लिंक खोटी असते, कधी वीजबिलाचा मेसेज खरा असतो, कधी काहीच नसतं. परवा दुपारी वाजला, तेव्हा मी एका सायबांना त्यांचा माउस का चालत नाही ते समजावत होते. त्यांना होल्डवर ठेवलं.

“काय झालं बाबा?”

“काही नाही. फोन लय तपला. माठापाशी ठेवू का? टेकवत नाही, जवळ.”

“सावलीत ठेवा. कव्हर काढून.”

“काढलं तं. तुले इचारून ठेवतो म्हनलं.”

“बरं केलं,” मी म्हणाले, आणि माउसवाल्या साहेबांकडे परत गेले.