घाटाच्या पायऱ्या

माझी आई शाळेत चार इयत्तांपलीकडे गेली नाही. पण नदीचे पाणी मोजायला तिला कोणी शिकवावे लागले नाही. तिचे माहेर नरसोबाच्या वाडीचे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर जन्मलेले माणूस पावसाळ्यात भेटले, की दोनच गोष्टी विचारते : जेवण झाले का, आणि घाटाच्या किती पायऱ्या राहिल्या. पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, की दक्षिणद्वार झाले म्हणून लोक स्नानाला धावतात. ज्या पाण्याच्या धाकाने धान्याची पोती माळ्यावर चढवायची, त्याच पाण्यात हौसेने डोके बुडवायचे, ही रीत वाडीकरांनाच जमते!

मी केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवेत निवडला गेलो, तेव्हा आईने आळीभर पेढे वाटले आणि रात्री हळूच विचारले, "कुठलं धरण बांधणार रे तू?"

"एकही नाही."

"मग पूल?"

"पूलही नाही. आमचं खातं नद्यांचं पाणी मोजतं."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पायऱ्याच मोजायच्या की! त्याला एवढी परीक्षा कशाला?"

वाचकहो, हा प्रश्न मला पुढे छत्तीस वर्षे पुरला. आमच्या केंद्रीय जल आयोगाची मुळे १९४५ सालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्या काळात जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन यांसाठी एक मध्यवर्ती आयोग निघाला आणि डॉ. अयोध्यानाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ मध्ये त्यात वीज मिसळली, १९७४ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. सरकारी खात्यांचे संसार असेच मोडतात आणि मांडतात. पाणी हा विषय राज्यांचा, तेव्हा धरणे बहुधा राज्ये बांधतात. आयोग त्यांचे आराखडे तपासतो, काहींचे स्वतः करून देतो, आणि पुराची पूर्वसूचना देतो. ही पूर्वसूचना १९५८ साली दिल्लीला यमुनेवरच्या जुन्या रेल्वे पुलापाशी सुरू झाली. पण या सगळ्याच्या बुडाशी एकच काम असते : रोज सकाळी आठ वाजता नदीकाठी जाऊन आकडा घ्यायचा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका ठाण्यावर मी आठ दिवस राहिलो होतो. तिथला ज्युनियर इंजिनियर रजेवर गेला होता. ठाणे म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली, बिनतारी यंत्र, काठावर रंगवलेल्या मोजपट्ट्या, एक नाव आणि तीन-चार खलाशी. त्यांतल्या वडीलधाऱ्या खलाशाला सगळे 'मामा' म्हणत. नावेतून नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठरावीक अंतरांवर थांबायचे, खोली घ्यायची आणि तिच्या सहा-दशांशावर करंट मीटर सोडायचा. मीटरच्या वाट्या पाण्याच्या ओढीने भिंगरीसारख्या फिरतात. ते फेरे घड्याळ लावून मोजायचे. मग गुणाकार, मग बेरीज. काम कंटाळवाणे, पण पावसात कागद सांभाळून केले, की त्याला थोडे शौर्याचे रूप येते.

चौथ्या दिवशी सकाळी झोंबरे वारे होते. पट्टीवरचे पाणी कालच्यापेक्षा चार सेंटिमीटर उतरलेले. अमुक पातळीला अमुक प्रवाह असा आलेख माझ्यापाशी तयार होता. मी खोलीतच बसून चहा घेता घेता त्यावरून आकडा काढला आणि वहीत 'मोजलेला' म्हणून लिहिला. असा काढलेला आकडा 'गणिताने आलेला' म्हणून वेगळा दाखवायचा असतो, हे मला पक्के ठाऊक होते.

मामा दारात उभे होते. म्हणाले, "साहेब, नाव तर अजून बांधलेलीच हाय."

"कालच्याइतकंच पाणी आहे, मामा. काय फरक पडणार आहे?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग पावसाकडे पाहत म्हणाले, "आमचं गाव नाथसागराखाली गेलं. आधी लोक आले, वावरात दगड रोवून गेले. म्हणले, पाणी हितवर येणार. आमी हासलो. पाणी आलं ते बरोबर त्या दगडाला लागलं. तवा म्या इचारलं, हे ह्यांनी कशावरून ठरिवलं? तर म्हणले, अशाच वह्यांवरून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला साहेबपणा करता आला असता.

आम्ही नाव सोडली. परत आलो तेव्हा माझे दात वाजत होते. हिशेब केला, तर प्रवाह माझ्या चहावरच्या आकड्याहून जवळजवळ दहाव्या हिश्शाने कमी! चढत्या आणि उतरत्या पाण्याचा प्रवाह एकाच पातळीला सारखा नसतो, आणि पूर वाळूचा तळही हलवून जातो. हे मी परीक्षेत सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. वहीचे पान फाडायचे नसते. मी तो आकडा दिसेल असा खोडला, खाली खरा लिहिला आणि सही केली.

पुढे दिल्लीला, रामकृष्णपुरमच्या सेवा भवनात, एका प्रकल्पाच्या फायलीत त्याच ठाण्याचे वर्षानुवर्षांचे आकडे माझ्यापुढे आले. मी पानावर बोट फिरवीत त्या तारखेशी थांबलो. होता. इतर हजारोंसारखाच एक आकडा. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, काही चुकलंय का? मी म्हटले, नाही. आणि उगाचच चहा मागवला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा मी निवृत्त होऊन पुण्यात होतो आणि आई माझ्यापाशी. वाडीत पाणी भरल्याच्या बातम्या सारख्या येत होत्या. मी तिला कुरुंदवाडच्या ठाण्यावरची पातळी वाचून दाखवली.

"मीटर मला कळत नाहीत," ती म्हणाली. "पायऱ्या किती राहिल्या ते सांग."

"एकही नाही, आई."

तिने माळ खाली ठेवली. खिडकीबाहेर पाऊस चालूच होता.

"आणि अशा पाण्यात हे मोजतंय कोण?"

"असतो एखादा माणूस ठाण्यावर. तासातासाला बघतो."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं जेवण झालं असेल का रे?"