कण्या आणि काशा

गेल्या श्रावणांत नातवासह अमरावतीहून अकोल्यास जाण्याचा योग आला. मुलगा रशियांत वैद्यकाचें शिक्षण घेत आहे. दोन वर्षांनीं सुटींत घरीं आला होता. बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हां मीं सहज विचारलें, "तिकडे रोज खातोस तरी काय?"

"काशा, आजोबा. आपल्या कण्याच म्हणा ना!"

ओट, गहू, जव किंवा उत्तरेकडे उपवासाला चालणारा कुट्टू घ्यावा, पाण्यांत वा दुधांत मऊ शिजवावा, वर लोणी घालावें, कीं झाली काशा. पूर्वी तेथें घरोघरीं विटांची भट्टीवजा मोठी चूल असे. थंडीमुळें ती पेटवावी लागेच. विस्तव निवाला कीं आंत मडकें सारून ठेवीत, आणि उरल्या उबेवर धान्य हळूहळू शिजे. कोबी शरदांत मिठांत मुरवून ठेवीत, त्याचें आंबट सार, म्हणजे श्ची, हिवाळाभर चाले. राय नांवाच्या धान्याच्या शिळ्या पावापासून आंबवलेलें पेय तें क्वास. चरक वाचलेल्यास यांत परकें कांहीं वाटूं नये. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत २८ यवागू सांगितल्या आहेत, आणि क्वास ही कांजीची दूरची बहीणच म्हणावी.

आमच्या वऱ्हाडांत हें सारें ज्वारीचें. भरडलेल्या ज्वारीच्या कण्या दूध-ताकाशीं, त्यांतल्याच मूठभर अंबाडीच्या भाजींत, आणि पीठ ताकांत आंबवून केलेली आंबील. परंतु मुर्तिजापूर येईतों खिडकीबाहेर सोयाबीन, कपाशी आणि मधून तुरीच्या ओळी, ज्वारी क्वचितच. समोरचे शेतकरी गृहस्थ म्हणाले, "रानडुकरं राहू देत नाहीत, वरून पाखरं. सोयाबीनचा पैसा दिवाळीआधी हातात येतो." त्यांस दोष कसा द्यावा? १९६९ सालीं अकोल्यास स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ ज्वारीचीं नवीं वाणें काढीत आलें आहे; २०२३ हें वर्ष तर जगानें भरड धान्यांचें म्हणून पाळलें. पण नातवानें आल्या दिवशींच आजीजवळ कण्या मागितल्या, तेव्हां आमच्या घरांत ज्वारीचा दाणा नव्हता! भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागते म्हणून पावभर आणतों, तेवढीच. रशियांतही नाताळच्या आदल्या रात्रीं आणि मृतांच्या स्मरणार्थ शिजवलेल्या गव्हांत मध घालून कुत्या करतात. परंतु तेथें देवाच्या पानाबरोबर रोजच्या ताटांतही धान्य टिकून आहे.

अकोल्याला धाकट्या बहिणीनें सारें ऐकून घेतलें. "दादा, तुझ्या घरीं ज्वारी नाहीं?" एवढेंच ती म्हणाली. मग डब्यांतून ज्वारी काढून, पाण्याचा हात लावून, तिनें जात्यावर भरडली आणि कोंडा पाखडला. नातवानें दोन वाट्या खाल्ल्या, वर ताक मागितलें. निघतांना तिनें पांच किलो ज्वारी पिशवींत बांधून दिली. जातें मात्र आमच्याकडे नाहीं. जागा अडते म्हणून दहा वर्षांपूर्वीं मींच तें देऊन टाकलें होतें.