काजळ, डिंक आणि पाणी

आमच्या देवघरांत पणजोबांनीं स्वतः रचलेल्या पदांची, त्यांच्याच हातची एक पोथी आहे. ती कोठेंही छापलेली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तिच्यावर बुरशी चढली. ती पुसावी म्हणून आम्हीं ओला रुमाल फिरविला, आणि दोन ओळी रुमालावर आल्या! घरांत कोणी रागें भरलें नाहीं. वहिनींनीं पोथी मुकाट्यानें आमच्या हातांतून काढून घेतली, इतकेंच. शंभर वर्षें जी शाई फिकी पडली नाहीं, ती एका ओल्या फडक्यानें कशी जावी, हें मात्र आमच्या मनांतून जाईना.

पुढें रिद्धपुरास जाण्याचा योग आला, तेव्हां हाच विचार डोक्यांत होता. मोर्शी तालुक्यांतील हें महानुभावांचें थोर क्षेत्र. गोविंदप्रभूंचा राजमठ येथलाच. म्हाइंभटांनीं 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें तेंही येथेंच. मूळ प्रत पुढें धाडींत गेली व शिष्यांनीं ती आठवणीनें पुन्हा उभी केली, असें परंपरा सांगते. आमच्यासारख्या घरांतून या पंथाविषयीं एके काळीं बरें बोललें जात नसे, हें येथें कबूल केलेलें बरें. 2024 सालीं याच गांवीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. राजमठांत उभें असतांना आम्हांस सारखें वाटत होतें, कीं एवढी मराठी ज्या काळ्या पाण्यानें आमच्यापर्यंत पोंचविली, तें आहे तरी काय?

घरीं आल्यावर रसायनशास्त्र शिकणाऱ्या पुतण्यास विचारलें. तो म्हणाला, “काका, शाई हा द्राव नव्हेच. काजळ पाण्यांत विरघळत नाहीं. त्याचे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढाले कण नुसते तरंगतात.” अशा मिश्रणास कलिल म्हणतात. 1861 सालीं ग्रॅहॅम या शास्त्रज्ञानें त्याच्या इंग्रजी नांवासाठीं सरस या अर्थाचा ग्रीक शब्द घेतला, तो शाईस तर फारच शोभतो. कारण नुसतें काजळ पाण्यांत घातलें तर कण एकमेकांस बिलगून तळाशीं बसतात. डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंची फांद्या फुटलेली सांखळी व तिला जडलेलें किंचित् प्रथिन. ती प्रत्येक कणावर जणूं अंगरखा चढविते, आणि मग कण परस्परांस भिडत नाहींत. काजळाचा काळेपणा उन्हानें जात नाहीं. पण वाळलेला डिंक पाणी लागतांच पुन्हा सैल होतो. आमच्या रुमालानें नेमकें तेंच केलें होतें.

आम्हीं शाई करून पाहण्याचें ठरविलें. पहिली शाई घटकेंत फाटली. काजळ आधीं पाण्यांत खललें होतें व डिंक मागाहून घातला होता. शिवाय तें पाणी गढूळ म्हणून आम्हींच त्यांत तुरटी फिरविली होती, आणि तीही जरा सढळ हातानें. तुरटींतील अ‍ॅल्युमिनियम तिप्पट धन भार वाहतें. मातीच्या कणांवरील ऋण भार तें मारतें, म्हणून माती खालीं बसते. काजळाचीही तीच गत झाली. दुसऱ्या खेपेस आधीं डिंकाच्या पाण्यांतच काजळ खललें, तें उकळून गार केलेल्या पावसाच्या पाण्यांत. मग शाई जमली.

हें सारें वहिनी ऐकत होत्या. गेल्या वर्षीं त्यांचे सांधे सुजले होते, तेव्हां रक्त नळींत उभें ठेवून तासाभरांत पेशी किती खालीं बसतात तें मोजलें होतें. त्यांनीं विचारलें, “तेंही असेंच का?” पुतण्या म्हणाला, “जवळजवळ तेंच, आई.” तांबड्या पेशी ऋण भारामुळें दूर दूर राहतात, शरीरांत दाह असला कीं फायब्रिनोजेन हें प्रथिन वाढतें, पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या जुळतात व लौकर खालीं येतात. एकीकडे डिंक कणांस वेगळें ठेवतो, दुसरीकडे प्रथिन पेशींस जुळवितें. हा फरक आम्हांस फार गमतीचा वाटला. वहिनींस तितका वाटला नसावा.

पोथीस पुन्हा हात लावण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. त्या मापाचा निराळा कागद कापला, बोरू तासला, आणि गेलेल्या दोन ओळी कोणास येतात म्हणून विचारलें. वहिनींनीं सासूबाईंकडून ऐकलेलें तें पद चालीवर म्हटलें, आणि आम्हीं तें उतरून घेतलें. दुसऱ्या ओळींतला एक शब्द त्यांनीं दोनदां निरनिराळा म्हटला. आम्हीं दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत.