छतावर काय न्यायचं, खाली काय ठेवायचं

मास्तर म्हणजे त्याला सगळं ठाऊक, असा आमच्या मोहल्ल्यात पक्का समज आहे. उर्दूतला अर्ज असो, सातबारा वाचून दाखवायचा असो की लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा असो, वाट माझ्या दाराशीच येते. गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीने मात्र नवाच प्रश्न आणला. "भाई, पोराला कामासाठी लॅपटॉप हवाय. भिशीचे चाळीस हजार हातात आलेत. कोणता घेऊ?"

हे चाळीस हजार म्हणजे तिच्या शिलाई मशीनची जवळजवळ दोन वर्षं. हप्त्यावर घ्यायचं नाही, व्याज नको, यावर ती ठाम. म्हणजे निवड एकदाच होणार होती.

भाचा रत्नागिरी जिल्ह्यात एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे काम करतो. जिथे फायबरची केबल पोचलेली नाही अशा वाड्यांत हे लोक हवेतून इंटरनेट नेतात. सड्यावरच्या खांबाला एक अँटेना, वाडीतल्या घराच्या छतावर दुसरी, दोघींची तोंडं एकमेकींकडे. त्यासाठी बहुतेक ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. २०१८ साली सरकारने या पट्ट्यातल्या ६०५ मेगाहर्ट्झना परवान्यातून सूट दिली, म्हणून लहान व्यावसायिकालाही हे काम परवडतं. पण निसर्गाची सूट नाही. दोन अँटेनांत पाच किलोमीटर अंतर असेल, तर मधोमध सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे आठ मीटर जागा मोकळी लागते. तिथे माडाच्या झावळ्या आल्या की सिग्नल लंगडतो. मग पोराला छतावर चढावं लागतं.

दुकानदाराने त्याला प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची यादी दिली होती. मी ती बाजूला ठेवली. बी.एड.ला पाठ-टाचण शिकवताना आमच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात बसवली होती: आधी उद्दिष्ट, मग साधन. तक्ता सुंदर आहे म्हणून धडा निवडत नाहीत. मी भाच्याला वही दिली आणि म्हटलं, "आठ दिवस लिही. किती वाजता, कुठे, लॅपटॉपवर नेमकं काय केलंस आणि कुठे अडलास." तोवर तो कार्यालयातला जुना लॅपटॉप वापरत होता.

"मामू, परीक्षा घेताय काय?" असं म्हणाला, पण त्याने लिहिलं. ती वही दुकानदाराच्या यादीपेक्षा कितीतरी बोलकी निघाली.

जड काम एकही नव्हतं. अँटेनेचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं, आयपी पत्ता द्यायचा, सिग्नलचा आकडा बघायचा, राउटरची जोडणी करायची, फोटो पाठवायचे. याला आठ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. ग्राफिक्स कार्डाचा इथे उपयोग शून्य. अडचणी वेगळ्याच होत्या. "११.४०, गच्ची, स्क्रीन दिसेना, डोक्यावर टॉवेल घेऊन आकडा वाचला." "३.१५, बॅटरी गेली, वाडीत लाइट नाही." "केबल लावायला जागाच नाही, डोंगल सैल." आणि एका दिवशी फक्त एवढंच: "शिडीवर लॅपटॉप एका हातात."

ते शेवटचं वाक्य मी बहिणीला वाचून दाखवलं नाही. पण निवडीचा पहिला नियम तिथेच ठरला: शिडी चढताना दोन्ही हात रिकामे. जे यंत्र वर न्यावं लागणार नाही, तेच बरं.

आता बऱ्याच अँटेनांना मोबाइल फोनवरून जोडता येतं. म्हणून वरचं काम फोनचं. फोन खिशात बसतो, दोरीने गळ्यात अडकतो, आणि त्याचा पडदा उन्हात लॅपटॉपपेक्षा बरा दिसतो. अँटेना केसभर फिरवली की आकडा बदलतो. उणे ५८ चा उणे ६८ झाला तर कानाला दहाचाच फरक वाटतो, पण पोचणारी शक्ती दहा पटींनी घटलेली असते. हा आकडा चढलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर हवा, खालून ओरडून सांगितलेला नव्हे. घरातल्या वायफायची पाहणीही फोनवर होते. फक्त अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा पाहणी करता येते. दहाव्या आवृत्तीपासून ही मर्यादा डेव्हलपर पर्यायांत जाऊन बंद करता येते. आयफोनवर आजूबाजूची नेटवर्कं मोजणारी अशी ॲप फारशी मिळत नाहीत, तेव्हा या कामाला अँड्रॉइड बरा.

लॅपटॉप खाली, सावलीत. तरी पडदा महत्त्वाचा. साध्या लॅपटॉपचा उजेड साधारण २५० ते ३०० निट्स असतो. भर उन्हात सुखाने वाचायला याच्या तिप्पट लागतो, आणि तसा पडदा आपल्या पैशांत येत नाही. पण चकचकीत पडद्याऐवजी मॅट घेतला तर निदान स्वतःचंच तोंड दिसत नाही.

यासाठीच बनवलेले दणकट लॅपटॉप असतात. पॅनासॉनिकचा टफबुक १९९६ पासून आहे. धूळ, पाऊस, आपटणं सोसणारी ही यंत्रं, पण नवीन घ्यायची तर लाखाच्या वर. स्वस्तात "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं दिसलं तर विचारायचं: कोणती चाचणी? ते अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे. त्यात पडण्याची, उष्णतेची, धुळीची, अशा निरनिराळ्या चाचण्या असतात. एखादी उत्तीर्ण झालेलं यंत्रही ते नाव लावू शकतं. पाण्याची खात्री हवी तर आयपी ६५ सारखा अंक बघावा: पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा ५ म्हणजे पाण्याची धार सोसते.

शेवटी आम्ही कंपन्यांनी वापरून काढलेल्या, पुन्हा तयार केलेल्या लॅपटॉपकडे वळलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे मिळतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड अशा कार्यालयीन मालिकांची काही मॉडेलं मजबूत असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि नेटवर्क केबलचा पोर्ट अंगचाच असतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचं नको, कारण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

जुन्या यंत्रात खरी तपासणी बॅटरीची. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल निघतो. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारीशेजारी दिसतात. ५० वॉट-तासांची बॅटरी, यंत्र दहा वॉट खात असेल, तर पाच तास. तीच ३० वर आली असेल तर तीन. हा हिशेब पाचवीच्या मुलालाही येतो, पण दुकानात कोणी करत नाही.

पोर्टच्या बाबतीत भाचाच मला शिकवून गेला. मी म्हटलं, अंगचा पोर्ट आहे, मग डोंगल कशाला? तो म्हणाला, "मामू, अँटेनेला याच केबलमधून वीजही जाते. काही अडॅप्टर समोर कोण आहे हे न विचारताच २४ व्होल्ट सोडतात. घाईत केबल चुकीच्या खाचेत गेली तर डोंगल जळू दे, मदरबोर्ड वाचू दे." शेपाचशे रुपयांची वस्तू तीस हजारांच्या वस्तूची ढाल. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

लॅपटॉप तीस हजारांच्या आत बसला. उरलेल्यातून चांगला पॉवर बँक, नवं डोंगल आणि पावसासाठी तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी आली. काही रुपये उरले तेव्हा बहीण म्हणाली, "त्यातून त्याला कमरेचा पट्टा घेऊ या." मी नको म्हटलं, आणि यावर आमचं थोडं वाजलंही. लॅपटॉप निदान उद्या दुसऱ्या नोकरीत त्याच्यासोबत जाईल. पण उंचीवर माणूस चढवायचा तर सेफ्टी हार्नेस देणं मालकाचं काम आहे. आईच्या भिशीतून तो आला तर मालकाला कधीच आठवण होणार नाही. भाच्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी मिळून मागणीचा अर्ज दिला. मराठी माझी होती, सह्या त्यांच्या. तीन आठवड्यांनी दोन हार्नेस आले. माणसं तीन आहेत, म्हणून दुसरा अर्ज आता तयार आहे.

तुमच्या घरातलं कुणी अशा कामाला लागलं असेल तर दुकानात जाण्याआधी त्याच्याकडून आठ दिवसांची वही लिहून घ्या. कुठे अडतो, हे तिथे सापडेल. कुठे पडू शकतो, तेही.