पोलीस नव्हे, पण पोलिसासारखा

आमचें हुपरी हें चांदीचें गांव. पैंजण, वाळे, जोडवीं यांवर घरोघरचें पोट चालतें, आणि मालाच्या पिशव्या घेऊन आमचीं माणसें दूरदूरच्या प्रांतांत जातात. नोकरीनिमित्त आम्ही बाहेर राहत असलों तरी सुटींत घरीं आल्यावर पहाटे ऐकूं येतो तो हातोडीचाच ठोका.

२०१९ च्या दिवाळींत आम्ही ओसरीवर वाचीत बसलों असतां शेजारचा एक कारागीर आला. आदल्या दिवशीं माल घेऊन जात असतां वाटेंत मध्यवर्ती सरकारच्या एका खात्याच्या अधिकाऱ्यांनीं त्याला गाडींतून उतरवून घेतलें होतें. चलनांतलें वजन आणि पिशवींतलें वजन यांत थोडा फरक होता. सकाळपासून रात्रीं उशिरापर्यंत त्याला एका खोलींत बसवून ठेविलें, जबाब लिहून खालीं त्याची सही घेतली, आणि मग सोडून दिलें. घरच्या माणसांनीं दरम्यान पोलीस ठाण्यांत चौकशी केली, तेव्हां ‘ते आमच्यापैकीं नव्हेत’ एवढेंच उत्तर मिळालें. सारें सांगून झाल्यावर त्यानें विचारलें, “सर, त्यो पोलीस न्हवता म्हंत्यात. मग मला दिसभर बसवून कसा ठेवला?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. कायद्याशीं आमचा परिचय पोर्शियाच्या भाषणापुरता. ‘वकिलाला विचारून सांगतों’ असें म्हणून आम्हीं चहा मागविला.

वास्तविक कोणाचा अंमल कोठपर्यंत, हा प्रश्न या भागाला नवा नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोंपर्यंत आमचें गांव करवीरकर छत्रपतींच्या मुलखांत, आणि कांहीं कोसांवरचें निपाणी खालशांत. खालशांतल्या फौजदाराचा हुकूम संस्थानांत आपोआप चालत नसे. संस्थानें गेलीं, पण वेस गेली नाहीं, तिनें केवळ दुसरें रूप घेतलें. राज्यघटनेनें पोलीस हा विषय राज्यांकडे ठेविला. दुसऱ्या महायुद्धांतील सरकारी खरेदींत लांच खाणारे पकडण्यासाठीं १९४१ सालीं एक विशेष पोलीस दल निघालें होतें. त्यासाठींच पुढें १९४६ चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम झाला, आणि त्याच्याच आधारावर १९६३ पासून केंद्रीय अन्वेषण विभाग उभा आहे. या दलाच्या माणसांना राज्यांत स्थानिक पोलिसांचे अधिकार मिळूं शकतात. मात्र सहाव्या कलमाप्रमाणें राज्य सरकारची संमती पाहिजे. अमेरिकेंतही हा पेंच आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा संघ सरकारच्या अंमलदारांस ‘हे आमचे शांतिरक्षक नव्हेत’ असें स्पष्ट बजावतो, आणि त्याच वाक्यांत ठराविक प्रसंगीं अटकेचा अधिकार देतो.

२१ ऑक्टोबर २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें आपली सर्वसाधारण संमती काढून घेतली, तेव्हां आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत आठवडाभर रण माजलें होतें. आम्हीही त्यांत हिरिरीनें भाग घेतला. २०२२ सालीं सरकार बदललें व संमती परत दिली गेली. २०२४ सालीं शेजारच्या कर्नाटकानें ती काढून घेतली, आणि निपाणीची एक तऱ्हा तर हुपरीची दुसरी झाली! संमतीचें तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु तिची कडी लावतांना व काढतांना सरकारांची नजर प्रजेपेक्षां आपल्या माणसांवर अधिक असते, असा संशय आम्हांस आहे.

आणि आमच्या शेजाऱ्याचें काय? त्याला या संमतीचा कांहींच उपयोग नव्हता. कर वसूल करणाऱ्या मध्यवर्ती खात्यांचे अधिकार थेट संसदेच्या कायद्यांतून येतात. तेथें राज्याला कोणी विचारीत नाहीं. त्याचा प्रश्न निराळाच होता, आणि तो आम्हांस फार उशिरां कळला.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून त्याज्य ठरविला. नव्या कायद्यांतही तें कलम कायम आहे. पोलिसाच्या हातीं दंडुका दिला, म्हणून त्याच्या शब्दावर अविश्वासही ठेविला. परंतु १९४४ च्या मध्यवर्ती अबकारी कायद्यानें त्या खात्याच्या अधिकाऱ्यास तपासापुरते ठाणेदाराचे अधिकार दिले, आणि १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो ‘पोलीस’ नव्हे असें ठरविलें. म्हणजे दंडुका मिळाला, अविश्वास तेवढा वगळला! २९ ऑक्टोबर २०२० रोजीं, आमचें रण माजल्यावर अवघ्या आठ दिवसांनीं, त्याच न्यायालयानें दोन विरुद्ध एक मतानें निर्णय दिला, कीं अमली पदार्थांच्या कायद्याखालीं पोलिसांचे अधिकार मिळालेले अंमलदार या नियमापुरते पोलीसच होत. आमच्या खोलींत त्याविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. आम्हीही नाहीं.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजीं सीमाशुल्क आणि वस्तु-सेवा कराच्या खात्यांसंबंधीं निकाल लागला. हे अधिकारी पोलीस नव्हेत, परंतु अटकेचीं कारणें सांगणें, नातलगास कळविणें, चौकशीच्या वेळीं वकिलास भेटूं देणें हीं पोलिसांवरचीं बंधनें त्यांनाही लागू आहेत, असा त्याचा आशय.

तो वाचून आम्ही मुद्दाम शेजाऱ्याच्या कारखान्यांत गेलों. सहा वर्षांपूर्वींच्या प्रश्नाचें उत्तर एकदांचें मिळालें, या आनंदांत आम्हीं त्याला सारा निकाल समजावून सांगितला. त्यानें मूस खालीं ठेवून शांतपणें ऐकून घेतलें.

“मग सर, त्या दिशीं सही केल्याला कागद? त्यो आता चालत न्हाई न्हवं?”

त्याला अटक अशी दाखविलीच नव्हती. नुसतें जबाबाला बोलाविलें होतें, आणि तसा जबाब त्या खात्याच्या कायद्यानें पुराव्यांत येऊं शकतो. तें आम्हीं त्याला सांगितलें.

“असं व्हय,” म्हणून त्यानें मूस उचलली आणि तो भट्टीकडे वळला.