खाडा

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात, एका सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी अकरा वर्षं सिस्टर होते. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या रात्री बदलायच्या. बीडहून, पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या फडालगत कोप्या टाकायच्या आणि रात्री दहानंतर त्यांतली आजारी माणसं यायची. दिवसा क्वचितच.

एका डिसेंबरात ट्रॅक्टरवाल्यानं एका मावशींना आणून सोडलं. पंचेचाळिशीच्या असतील. श्वास खोल, भराभर चाललेला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. शुगरच्या मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’. सलाईन, इन्शुलिन, दर तासाला तपासणी. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन का नाही केला, असं मी त्यांच्या नवऱ्याला विचारलं. २०१४ पासून ती गाडी फुकट मिळते, हे त्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, "फडाचा पत्ता काय सांगू बाई? आज ह्या रानात, परवा त्या."

पहाटे पाचला मावशी उठून बसल्या. "काढा बाई सुई, टोळी निघंल." शुगर अजून तीनशेच्या वर होती. डॉक्टरांनी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही. शेवटी डामाच्या, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता जात असल्याच्या, कागदावर अंगठा घेतला. मी रागावलेच होते. "इन्शुलिन बंद का केलंत?"

"बंद न्हाई केलं. निम्मं केलं."

हिशेब त्यांनीच सांगितला, अगदी चोख. गावच्या दवाखान्यातून निघताना दोन बाटल्या मिळाल्या होत्या. एका बाटलीत चारशे युनिट, त्यांना रोज तीस लागायचे. म्हणजे सव्वीस दिवस. हंगाम पाच महिन्यांचा. मग त्या पंधराच टोचत राहिल्या. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलेली.

आणखी बाटल्या आमच्याच दवाखान्यात होत्या. पण औषधखिडकी ओपीडीच्या वेळेत उघडी असायची, सकाळी आणि थोडा वेळ संध्याकाळी, आणि त्या वेळी मावशी फडात किंवा गाडी भरायला. एक दिवस गेला की खाडा. जोडीतला एक नसला की दुसऱ्याचा कोयताही थांबतो, म्हणून खाडा दोघांचा. टोळीचा मुकादम त्याचे पैसे उचलीवर, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेवर, चढवायचा. रात्री खाडा पडत नाही, म्हणून रात्री आम्ही. मी त्यांना रात्रभर फुकट सलाईन देऊ शकत होते. घरी न्यायला एक बाटली देऊ शकत नव्हते. इतकी वर्षं मी प्रत्येकाला ‘औषध का सोडलं’ एवढंच विचारत आले होते. ‘सुटता किती वाजता’ हे विचारायचं कधी सुचलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग डॉक्टरांशी बोलून दिवसपाळीत मी खिडकीवरून त्यांच्या कागदावर औषध घेऊन ठेवू लागले. नवरा रात्री कधीतरी येऊन न्यायचा. दीड महिना बरा गेला.

फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या, रात्री अकराला. तोडलेल्या उसाचं धसकट पायात घुसून आठवडा झाला होता. पायाला बधिरपणा, त्यामुळे दुखलं नाही. पाय काळा पडायला लागला आणि वास सुटला, तेव्हा नवऱ्याच्या ध्यानात आलं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. या वेळी मात्र त्या बारा दिवस राहिल्या. वॉर्डात त्यांना भेटायला गेले की पायाबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. आज कितवा दिवस, एवढंच विचारायच्या.

पुढच्या हंगामात त्यांचा नवरा एका रात्री तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन आला. मावशी गावी होत्या. आईचा कोयता आता हिच्या हातात होता, वय चौदा. मागल्या साली आईचे पडलेले खाडे अजून फिटायचे होते.

पहाटे पाचला मुलगी उठून बसली आणि सलाईनच्या बाटलीकडे बघू लागली.